सातबारा घेऊन स्वित्झर्लंडला

शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणाऱ्या व्हिसाचे नियम पगारदार माणूस डोळ्यांपुढे ठेवूनच केलेत, असं माझं ठाम मत झालंय. तात्यांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, स्वित्झर्लंड बघायचं होतं. शिरोळ तालुक्यात ऊस, खात्यावर पैसे, पासपोर्ट कोरा करकरीत. ९० युरो फी (जून २०२४ पर्यंत ८० होती), किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा, हॉटेलांची बुकिंगं, सगळं जमलं. अडलं ते इन्कम टॅक्स रिटर्नवर.

आता निव्वळ शेतीच्या उत्पन्नावर आपल्याकडं इन्कम टॅक्सच नाही, तर माणूस रिटर्न भरणार कशाला? पण मुंबईच्या व्हिसा केंद्रातला पोरगा यादीवर पेन आपटत राहिला. “सर, आयटीआर?” रात्रभर महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये अवघडून आलेले तात्या शांतपणे पिशवीतून एकेक कागद काढत होते. सातबारा, आठ-अ, त्यांची इंग्रजी भाषांतरं, वर नोटरीचा शिक्का. शेवटी टाचणी लावलेली कारखान्याची ऊसबिलं. पोरगा बिलं उलटीपालटी करून बघायला लागला. टन, दर, कपात.

“ही सॅलरी स्लिप आहे का?”

“व्हय. वर्षातनं एकदाच येती.”

मग खरा प्रश्न आला. तुम्ही परत येणार, याला आधार काय? मला संताप आला होता, पण तात्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “बाळा, रानात ऊस उभा हाय. तोड आल्यावर मी तिकडं बर्फ बघत बसलो तर इकडं वाळून जाईल की.”

पोरगं हसलं आणि कागद होते तसे घेतले. तसंही ठरवणं त्याच्या हातात नसतं; केंद्र फक्त फाईल पुढं पाठवतं, निर्णय वकिलातीचा. निकालाला साधारण १५ दिवस, पण ताणलं तर ४५. तोवर घरी रोज एकच विषय. नाकारला तरी फी परत मिळत नाही, हे मी काकूंना सांगितलंच नव्हतं.

व्हिसा आला, तो मोजून सहलीपुरता. झुरिकला तात्या फाईलची गाठ सोडेपर्यंत अधिकाऱ्यानं शिक्का मारून टाकला. “सातबारा बघितलाच न्हाई की त्येनं!” तात्यांचा हिरमोड झाला.

पुढचं सगळं फोटोंत आहेच. युंगफ्राउयोखला ३,४५४ मीटरवर जाऊन आम्ही ढग बघितले, निम्मी गर्दी आपल्याकडचीच होती आणि चहाबद्दल न बोललेलं बरं.

तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे नीट वापरले, की भारतीयांना दोन वर्षांचा मिळू शकतो, असा नियम एप्रिल २०२४ मध्ये झालाय. हे तात्यांच्या कानावर कुणी घातलं कोण जाणे. परवा फोन आला.

“खोडव्याचा ऊस गेला की आणि एकदा बघूया का रं? कागदं हाईतच की.”

बिलं नवी लागतील, तात्या.