मुंबई ते न्यूयॉर्क: किलोमीटर किती आणि तास किती

मुंबईहून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाचं सरळ हवाई अंतर साधारण १२,५४० किलोमीटर. कुठे ते ७,७९० मैल दिसतं, कुठे ६,७७०. दोन्ही आकडे बरोबर आहेत: पहिले रस्त्यावरचे मैल, दुसरे वैमानिकांचे सागरी मैल (१ सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी).

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मात्र हे मोजू नका. तिथली रेघ अरबस्तान, इजिप्त, अल्जीरिया करत जाते आणि लांबची असते. त्यापेक्षा पृथ्वीगोलावर दोरा ताणा. तो मुंबईतून उत्तर-वायव्येला निघतो, अफगाणिस्तान, रशिया करत जवळजवळ ६५ अंश अक्षांशापर्यंत चढतो आणि कॅनडावरून खाली उतरतो. ३० सेंमी व्यासाच्या गोलावर १ सेंमी म्हणजे सुमारे ४२५ किमी. दोरा साडेएकोणतीस सेंमी भरतो.

पण विमानाला या दोऱ्यावरून जाता येईलच असं नाही. रशियाचं आकाश २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना बंद आहे, तर पाकिस्तानने आपलं एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना बंद केलं. वळशापोटी ५ टक्के धरले तर अंतर १३,१७० किमी होतं.

आता वेळ. मोठं जेट ३५,००० फुटांवर ताशी ९०० किमीच्या आसपास उडतं. वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. सरासरी ५० किमीचा वारा धरला, तर जाताना वेग ८५० उरतो: साडेपंधरा तास. येताना तो ९५० होतो: चौदाला थोडे कमी. धावपट्टीपर्यंतची रांग, चढणं-उतरणं यांचा अर्धा तास वर घाला. वेळापत्रकातली वेळ जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतची असते, त्यामुळे हवेतला वेळ नेहमी थोडा कमीच निघतो.

वाऱ्याची ताकद बघायची तर एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान बघा. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर १३,९०० वरून १५,३०० किमी झालं, तरी पाठीवर वारा घेऊन साडेचौदा तासांत पोहोचलं!

सगळ्यात जास्त घोळ तिकिटावरच्या वेळांचा होतो, कारण दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. मुंबई रात्री १:३०, न्यूयॉर्क सकाळी ७:००: फरक साडेपाच, अधिक साडेदहा, म्हणजे १६ तास. परतताना उलट, वजाबाकी. सकाळी ११:३० ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२:३० ला मुंबई: २५ वजा साडेदहा, म्हणजे साडेचौदा.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर पुढे जातात आणि फरक साडेनऊवर येतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तो पुन्हा साडेदहा. या दोन रविवारांच्या आसपासचं तिकीट असेल, तर विमानतळावर घ्यायला येणाऱ्याला ‘इतके तास लागतील’ असं न सांगता तिथली उतरण्याची वेळ कळवा.