नवस आजीचा, पाय माझे

आमच्या घरात नवस बोलतो एक आणि फेडतो दुसराच. माझ्या बारावीच्या निकालाआधी आजीने एकवीरा आईला बोलून टाकलं होतं, की नातवाला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळू दे, तो नवी मुंबईतल्या आमच्या घणसोलीपासून तिच्या कार्ल्यापर्यंत चालत येईल. मला विचारलं नव्हतं. तशी पद्धतच नाही. ॲडमिशन मिळाली, आणि पुढे प्रत्येक चैत्रात काहीतरी आडवं येत गेलं. कधी सबमिशन, कधी इंटर्नल, एकदा सरळ ताप. मग थर्ड सेमच्या मॅथ्सची केटी, म्हणजे राहिलेला विषय, सुटेना आणि आजीला कारण सापडलं.

"आईचा देना ठेवलास, म्हनून तुजा गनित अरकला."

मी म्हटलं, मी लाप्लासच्या गणितात अडकलो. ती म्हणाली, तो कोण ते मला माहीत नाही, पण देणं आधी.

मम्मीचं मत वेगळं. ऐंशीएक किलोमीटर चालून पोरगा लंगडत आला तर पेपर कोण देणार, हा तिचा सरळ प्रश्न. चैत्र शुद्ध सप्तमीला कार्ल्याला देवीची पालखी निघते, म्हणजे साधारण मार्चअखेर ते एप्रिल. टर्मवर्क, जर्नल, मिनी प्रोजेक्टचा रिपोर्ट, सगळं त्याच सुमाराला गळ्याशी आलेलं असतं. पप्पा कोणाच्याच बाजूने बोलले नाहीत. टेम्पोत ठेवलेला टॉर्च आणि चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट आणून माझ्या बॅगेवर ठेवलं, तेवढंच.

कॉलेजात बातमी फुटली. केटी सुटावी म्हणून चाललाय, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. खरं सांगितलं असतं तर आणखी हसले असते, म्हणून मी गप्प. फक्त आमचा परभणीकर म्हणाला, मी पण येतो. हा ऐरोलीत पीजी म्हणून राहतो. घरात पिढ्यान्‌पिढ्या वारी, गळ्यात तुळशीची माळ, कॅन्टीनमध्ये अंड्याच्या प्लेटपासूनही हातभर लांब बसणारा. त्याला मी आधीच सांगितलं, बाबा, ही पंढरीची वारी नाही. आमची आई तिखट खाते. पायथ्याला बोकड पडतात, कोंबड्या पडतात, रस्त्याने टाळ-मृदंग नसतो, बेंजो असतो. तो म्हणाला, चालायचंच आहे ना?

आम्ही संध्याकाळी निघालो. एप्रिलच्या उन्हात दिवसा डांबरावर पाय ठेवता येत नाही, त्यामुळे पदयात्रा रात्रीची. पुढे फुलांनी सजवलेली पालखी, मागे सगळ्यांची बोचकी आणि पाण्याचे जार घेतलेला टेम्पो, आणि मध्ये मंडळाच्या एकसारख्या टी-शर्टातली माणसं. निम्मी अनवाणी. "आई माऊलीचा" असं एकाने ओरडलं की "उदो उदो" मागच्या टोकापर्यंत जातो. पहिल्या तासात मी जोरात ओरडलो. घसा नंतर लागणार आहे हे जुन्या लोकांना माहीत असतं, ते ओठांतल्या ओठांत म्हणतात.

ठाणे-बेलापूर रस्ता मी रोज बसने बघतो. माझ्या बाजूला आजीचे भाऊ, माझे मामाआजोबा चालत होते, सत्तरी ओलांडलेले. ते बघत होते तो रस्ता वेगळाच होता. मी म्हणायचो तुर्भे स्टेशन आलं, जुईनगर आलं. ते म्हणायचे, इथे अमक्याचं भात, इथून पुढे मिठागर, इथे बांधावर आम्ही निवट्या, चिखलातले मासे, धरायचो. 1970 साली सिडको, शहर वसवणारी सरकारी कंपनी, आली, पंच्याण्णव गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घ्यायच्या ठरल्या, हे मी वाचलेलं. शेताशेताचं नाव घेत कोणी चालताना पहिल्यांदा ऐकलं. रडगाणं नव्हतं ते. हिशेब सांगावा तसं सांगत होते आणि मध्येच, "पानी पी रं बाला."

वाटेत दुसऱ्या गावांच्या पालख्या भेटत होत्या. अंधारात कोणीतरी विचारायचं, "कोनाचा रं तू?" कॉलेजात माझी ओळख म्हणजे रोल नंबर आणि ब्रँच. इथे आजोबांचं नाव सांगितलं की समोरचा घराचा ओटा, दारातलं झाड, आजीचं माहेर, सगळं सांगून मोकळा. मला त्याचा अभिमान वाटला असं नाही. थोडं अवघडल्यासारखंच झालं. मी इथे ज्यांच्या नावाने ओळखला जातोय त्यांच्यासाठी मी नक्की काय केलंय, असा तो प्रकार.

पनवेल सोडेपर्यंत उत्साह. पळस्पे फाट्यापासून पुढे फक्त पाय. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात, त्यांच्या वाऱ्याने टोपी उडते. चौकच्या अलीकडे एका शेडमध्ये मुक्काम पडला. माझ्या दोन्ही टाचांना फोड आलेले. मी क्रेप बँडेज शोधत होतो, तोवर गावातल्या एका काकूने माझा पाय सरळ मांडीवर घेतला. सुईत दोरा ओवला, सुई मेणबत्तीवर धरली, फोडाच्या एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने काढली आणि दोरा आतच ठेवून दोन्हीकडून कापला. पाणी दोऱ्यावाटे झिरपत राहतं आणि वरची कातडी फाटत नाही. मग खोबरेल तेल. "दुखतान का रं?" दुखत होते. परभणीकर शेजारी बसून बघत होता. म्हणाला, आमच्या दिंडीत पण हेच करतात, असंच, दोरा आत ठेवून. तेवढ्यावर त्या काकूंची आणि त्याची गट्टी जमली. आमच्याकडे माळकरी काही कमी नाहीत. गावात दरवर्षी हरिनाम सप्ताह बसतो, एकाच घरात एक भाऊ माळकरी आणि दुसरा म्हावरं खाणारा. त्या काकूही माळकरीच निघाल्या. पहाटे शेडमध्ये दोघं हळू आवाजात हरिपाठ म्हणत होते आणि दुसऱ्या टोकाला बेंजोवाले घोरत होते.

खोपोलीत मात्र मला माझा अभ्यास भेटला. मी इलेक्ट्रिकलचा. डोंगराच्या अंगावरून खाली उतरणारे जाडजूड पाइप लहानपणापासून गाडीतून बघितलेले. खाली टाटांचं वीजघर आहे, 1915 मध्ये सुरू झालेलं, मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायला. पाणी वर लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतून येतं. परीक्षेसाठी मी पाठ केलेलं, हेड, म्हणजे पाणी पडण्याची उंची, जास्त तर पेल्टन टर्बाइन, मध्यम तर फ्रान्सिस, कमी तर कॅप्लान. पाच मार्कांचं उत्तर, आकृतीसह. इथलं हेड पाचशे मीटरहून जास्त आहे. ते पाणी जेवढं खाली पडतं, साधारण तेवढंच आम्हाला चढायचं होतं, आणि बोरघाटाच्या तिसऱ्या की चौथ्या वळणावर मला पाचशे मीटर म्हणजे किती ते पोटऱ्यांत कळलं. मी परभणीकराला धापा टाकत समजावू लागलो. तो म्हणाला, गप चढ, व्हायवा नाही हा.

घाटात शिंग्रोबाचं देऊळ लागतं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं देऊळ, अशी कथा सांगतात. ट्रकवाले न थांबता खिडकीतून नाणं टाकतात. आम्ही थांबलो. मामाआजोबांनी तिथे बसून पाय चोळले आणि मी त्यांना शेवटी विचारलं, की दुसऱ्याने बोललेला नवस मी फेडला तर तो लागू पडतो का? माझा विश्वास आहे की नाही हे मलाच धड माहीत नाही, मग? ते बराच वेळ चोळतच राहिले. म्हणाले, तुझ्या फीचं कर्ज बापाने काढलं, फेडणार तू. बँक विचारते का, विश्वास आहे का?

युक्तिवादात भोक आहे हे मला तेव्हाही दिसत होतं. कर्जाच्या कागदावर माझी सही आहे. नवसावर नाही. पण घाट चढताना वाद घालायला श्वास लागतो. शिवाय दुसरी एक गोष्ट तेवढ्यात मनात आली. आजीचे गुडघे गेलेत. तिला ओट्याची पायरी उतरायची तर भिंत धरावी लागते. तिने स्वतःच्या पायांचा नवस बोलायचा तरी कसा? तिच्याकडे चालण्यासारखं जे होतं ते तिने बोललं, आणि ते म्हणजे मी. हे लक्षात आल्यावर माझा तिच्यावरचा राग, न विचारता बोलल्याचा, पुरता गेला नाही, पण निम्मा झाला असेल.

कार्ल्याच्या डोंगराखालच्या वेहेरगावला पोचलो तेव्हा पायथ्यापासूनच माणसांची भिंत. गुलाल, भंडारा, ढोल, चुलींचा धूर. परभणीकराने नाकाला रुमाल लावला नाही, एवढं त्याचं कौतुक. पायऱ्यांवर रांग तासन्‌तास हलत नव्हती. देऊळ कार्ल्याच्या लेण्याच्या अगदी तोंडाशी आहे. दर्शनानंतर आम्ही चैत्यगृहात शिरलो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं काम, आणि छताच्या कमानींना लावलेल्या लाकडी फासळ्या अजून त्या काळातल्याच. खांबांवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. त्यांत एक सोपाऱ्याचा, म्हणजे आपल्या नालासोपाऱ्याचा. तोही कोकणातून घाट चढूनच आला असणार.

दर्शनाचं काय सांगू? आजीने दिलेली ओटी, साडी, खण, नारळ, पुजाऱ्याच्या हातात दिली आणि मागून धक्का आला. देवीचा मुखवटा क्षणभर दिसला, मोठ्या डोळ्यांचा. मनात काही मागायचं असतं हे बाहेर आल्यावर आठवलं. मॅथ्स तर डोक्यातही आलं नाही. परभणीकर मात्र रडला. त्याचा देव विटेवरचा, त्याचं इथे काही देणं नाही, तरी. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

परतताना टेम्पोत सगळे एकमेकांच्या अंगावर झोपले. सोमवारी जर्नल तपासायला घेतलं तेव्हा सरांनी माझे पट्ट्या बांधलेले पाय बघितले, काही न बोलता खुर्ची पुढे सरकवली, आणि मग दोन एक्सपरिमेंट पुन्हा लिहायला लावले.

आजीने मात्र बारीक चौकशी केली. ओटी खाली पडली नाही ना, नारळ वाढवला की तसाच दिला, कोण कोण भेटलं. मग मी तिला सांगितलं, की परभणीकर आषाढीला बोलावतोय. पुण्याहून सासवडपर्यंत, दिवेघाटाचा टप्पा, पेपर संपलेले असतील. मला वाटलं ती म्हणेल, आता अभ्यास कर.

"जा ना. पन माऊलीच्या संगती जायाचा तर आदी म्हावरा सोर."

मी म्हटलं, ते सोपंय. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदच असते.

"आनि सुकट?"