नऊ अक्षरांनी खाल्लेला दिवस

जपानी व्हिडिओ गेमचं इंग्रजी करते म्हटलं की लोकांना वाटतं कांजीत (चिनीतून आलेली ती हजारो अर्थवाली अक्षरं) जीव जात असेल. कांजी परवडली हो, अर्थ तरी कळतो! छळतात ती सोपी वाक्यं. मागच्या वर्षी एक छोटा गेम आला (नाव नाही सांगता येणार, एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार), जुन्या फामिकॉनच्या (निन्टेंडोचा ऐंशीच्या दशकातला गेम कन्सोल) स्टाइलचा, म्हणजे सगळं हिरागानात, नुसता उच्चार दाखवणाऱ्या अक्षरांत. त्या काळी मेमरीच नव्हती, १९८६ चा पहिला ड्रॅगन क्वेस्ट अख्खा ६४ केबीत बसवलाय, त्यात कांजी कुठे कोंबणार. आता हौस म्हणून करतात आणि आमची वाट लागते, कारण नुसतं 'आमे' लिहिलं की पाऊस का चघळायची गोळी हे आपण ओळखायचं.

हातात काय, तर एक्सेल शीट. स्ट्रिंग आयडी (प्रत्येक ओळीचा कोड), वाक्य, आणि बोलतंय कोण तो कॉलम रिकामा. त्यात एक ओळ, 'मादा काएत्ते कोनाइ'. मादा म्हणजे अजून, हसू नका. अजून परत आलेलं नाही, पण कोण? जपानीत कर्ता गाळतात आणि क्रियापदाला लिंग नसतंच. आयडीत 'ओबाआसान' दिसलं, म्हणजे आजी, मग मुलगा नाहीतर नवरा असणार म्हणून मी 'ही इजन्ट बॅक येट' ठोकून दिलं. हेच वाक्य पुढे अजून दोनदा होतं ते भाषांतराच्या टूलने आपोआप भरलं, मी बघितलंसुद्धा नाही.

मग टेस्टिंगचा बिल्ड, म्हणजे गेमची खेळून बघायची प्रत आली. आजी मुलाची वाट बघतेय, बरोबर. पुढे एक पोरगं छत्री घेऊन आईसाठी उभंय, तेही म्हणतंय 'ही'. आणि होडीवाला हातात मासा धरून मांजराची वाट बघतोय. तोही 'ही'च. तोंडात मारल्यासारखं झालं.

गेमवाल्यांना क्वेरी टाकली, तीन वेगळी वाक्यं करू का? उत्तर आलं, नको, खेळणाऱ्याला शेवटपर्यंत वाटलं पाहिजे की तिघं एकाचीच वाट बघतायत, वाक्य तेच हवं.

आता आली का पंचाईत. मराठीत करून बघितलं तर अजूनच गंमत, मुलगा आला नाही, आई आली नाही, मांजर आलं नाही, तिन्ही लिंगं हजर! दुपारभर घोळत बसले, चहा दोनदा गार झाला, आणि मग सुचलं की आपण अशा वेळी म्हणतो, 'अजून पत्ता नाही'. कोणाचा ते सांगावंच लागत नाही. मग इंग्रजीत तरी कर्ता कशाला पाहिजे? बोलताना तेही गाळतातच की, पण शाळेत बाईंनी 'सब्जेक्ट कुठाय?' करून लाल पेनाने इतके गोल काढलेत की हात धजत नव्हता. शेवटी लिहिलं, 'स्टिल नॉट बॅक'. तिकडून दहा मिनिटांत ओके.

बिल जपानी अक्षरांवर. त्या ओळीची अक्षरं नऊ, बाकी दोन वेळा रिपिटिशन, म्हणून शून्य.