समोरच्या पाळण्यात दादा

यंदाच्या गड्ड्यात नातीला घेऊन आकाशपाळण्यात बसले. पाळणा वर जाऊन थांबला, नात दंडाला घट्ट बिलगली, आणि मी मात्र खाली वाकून मैदानाचा एक कोपरा शोधत होते. किल्ल्याच्या तटाकडचा. तिथं आमचा लाकडी पाळणा असायचा.

सोलापूरकरांना गड्डा म्हणजे काय ते सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते. संक्रांतीला आमच्याकडे सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते. बाराव्या शतकातले हे शिवयोगी आमचं ग्रामदैवत. एका कुंभारकन्येनं त्यांच्याशी लग्न करायचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचा विवाह लावून दिला, अशी आख्यायिका आहे. तोच सोहळा आजही होतो. सात नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, निघतात, मानकरी पांढऱ्या बाराबंदीत असतात, आधी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, मग संमती कट्ट्यावर अक्षता, त्याच्या दुसऱ्या दिवशी होम. ज्या मैदानावर हा होम होतो ते होम मैदान, आणि तिथं पुढं महिनाअखेरीपर्यंत जी जत्रा चालते तिला आम्ही गड्डा म्हणतो. ‘गड्ड्याला गेलतास का?’ हे जानेवारीत सोलापुरात कुणीही कुणालाही विचारतं, मराठीत, कानडीत, तेलुगूत.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, मिलमध्ये साचेखात्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे मुकादम होते. अक्षतेच्या गर्दीत ते आम्हाला पाळण्यांकडे फिरकू द्यायचे नाहीत. होम झाला, दारूकाम झालं, गर्दी जरा ओसरली की त्यांची पहिली पाळी असेल त्या दिवशी दुपारी घरी येऊन ते अंघोळ करायचे, स्वच्छ पांढरा शर्ट घालायचे, आणि मग ते, माझा भाऊ दादा आणि मी असे तिघं निघायचो. आई येत नसे. तिला नुसतं पाळण्याकडं बघूनच भोवळ यायची.

मी 1979 ते साधारण 1988 पर्यंतची गोष्ट सांगतेय. तेव्हाही गड्ड्यात विजेचा मोठा पाळणा होता, मौत का कुआँ होता. पण आम्ही आधी जायचो ते कोपऱ्यातल्या लाकडी पाळण्याकडं. दोन बाजूंना कैचीसारखे रोवलेले जाड खांब, त्यांच्यावर आडवा टाकलेला लाकडी कणा, कण्याला फुलीसारखे जोडलेले आरे आणि आऱ्यांच्या टोकाला लोंबणाऱ्या चार पेट्या. निळ्या रंगाच्या, प्रत्येक पेटीवर कमळ काढलेलं. पेटीत समोरासमोर दोन फळ्या, चार लेकरं बसायची. दार म्हणजे एक लोखंडी आडणा, तो खोबणीत सरकवला की झालं. उंची काय असेल, दुमजली घराएवढी.

इंजिन नव्हतं. मोटर नव्हती. पाळणा फिरवायला दोन माणसं होती.

खालचा माणूस नुसता ढकलायचा. खाली आलेली पेटी छातीशी घेऊन पुढं लोटायची, की पाठोपाठ दुसरी. खरं काम वरच्याचं. तो खांबांच्या चौकटीवर, कण्याच्या अगदी जवळ उभा असायचा, अनवाणी, धोतराचा काचा मारून. आरा वरून खाली वळायला लागला की दोन्ही हातांनी तो धरायचा आणि अंग सोडून द्यायचा. त्याच्या वजनानं चाक फिरायचं, तोही आऱ्याला लटकून खाली यायचा, पाय जमिनीला टेकले की हात सोडायचा आणि तीन ढांगांत पुन्हा चौकटीवर. मी पेटीत बसून त्याच्या पायांकडं बघत राहायची. टाचांना भेगा होत्या, आणि चौकटीच्या लाकडाला त्याच ठिकाणी पाय पडून पडून खळगी झाली होती, उंबऱ्याला पडते तशी. वर जाताना त्याचा श्वास ऐकू यायचा. पहिल्या फेऱ्यांना सावकाश, मग भरभर, आणि शेवटी तो ‘हां... हां... हां...’ करत वेग मोडायचा. आम्ही त्याला पाळणामामा म्हणायचो.

मामाचं बसवायचं एक शास्त्र होतं. तिकीट काढलं म्हणून हव्या त्या पेटीत बसता येत नसे. तो आमच्याकडं एकदा नजर टाकायचा आणि सांगायचा, ‘तू हिकडं. तू थांब. ए गुटगुटीत, तू पलीकडं चल की बे.’ कारण साधं होतं. एका बाजूला वजन जास्त झालं की चाक फिरवणाऱ्याच्या खांद्यांवर येतं. म्हणून समोरासमोरच्या दोन पेट्यांत सारखा भार लागायचा. लेकरं कमी पडली तर वाळूनं भरलेलं एक पोतं होतं, ते रिकाम्या जागी ठेवायचा. उतरवतानाही तसंच. एक पेटी रिकामी केली की लगेच तिच्या समोरची खाली आणायची, मग दुसरी जोडी. अण्णांना हे फार आवडायचं. मिलमध्ये दिवसभर यंत्रं दुरुस्त करणारा माणूस, पण इथं कमरेवर हात ठेवून बघत राहायचा. म्हणायचे, ‘त्याला तराजू लागत नाही. डोळ्यांतच हाय.’

त्या शास्त्रामुळं दादा आणि मी कधीच एका पेटीत बसलो नाही. दोघं दीड वर्षाच्या अंतराची, अंगानं सारखी. मामानं दरवर्षी आम्हाला समोरासमोरच्या पेट्यांत टाकलं. मी वर असले की दादा खाली, दादा वर की मी खाली. मधल्या टप्प्यात, दोन्ही पेट्या एका रेषेत आल्या की क्षणभर आम्ही एकमेकांना दिसायचो, मध्ये तो फिरता कणा. तेवढ्यात दादा जीभ दाखवायचा. वर गेलं की सिद्धेश्वराचं शिखर, तळ्याचं पाणी, किल्ल्याचा काळा तट आणि लांबवर मिलच्या चिमण्या. मग पोटात खड्डा पडून सगळं खाली घसरायचं आणि भज्यांचा वास नाकात शिरायचा.

एक वर्ष मला स्पष्ट आठवतं. पाळणा फार कुरकुरत होता. दर फेरीला कण्यातून असा आवाज यायचा की दातांत शिरशिरी यावी. आम्ही उतरलो तरी अण्णा हलेनात. त्यांनी मामाला बाजूला घेतलं आणि कण्याला काय लावता ते विचारलं. मामानं डबा दाखवला. अण्णांनी त्यातलं वंगण बोटावर घेऊन चोळलं, नाकाशी नेलं. म्हणाले, ‘मातीच जास्त झालीय ह्यात. आधी कणा पुसून काढा, मग एरंडेल घाला, ताजं.’ दुसऱ्या दिवशी तिसरी पाळी होती. झोप सोडून अण्णा भर दुपारी एरंडेलाची बाटली घेऊन होम मैदानावर गेले, मी बरोबर. गिऱ्हाईक नव्हतं. तिघांनी मिळून चाकाला टेकू दिला, चिंधीनं काळी मळी खरवडून काढली आणि खांबाच्या खोबणीत तेल सोडलं. मामानं रिकामं चाक एका हातानं ढकललं. ते आवाज न करता फिरलं, फिरतच राहिलं. दोघं पुरुष नुसते बघत उभे होते. मग मामानं मला एकटीलाच पेटीत बसवलं, समोरच्या पेटीत पोतं ठेवलं, आणि पैसे घेतले नाहीत.

अलीकडं मी या पाळण्यांविषयी बरंच वाचलं. आकाशपाळणा म्हटलं की सगळे जॉर्ज फेरिस या अमेरिकन अभियंत्यांचं नाव घेतात. 1893 साली शिकागोच्या प्रदर्शनात त्यांनी 264 फुटी चाक उभं केलं, 36 डबे, एकेका डब्यात 60 माणसं, वाफेच्या इंजिनावर चालणारं. पण माणसांनी फिरवायचे पाळणे त्याच्या पावणेतीनशे वर्षं आधीपासून नोंदलेले आहेत. पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी 1615 साली इस्तंबूलमध्ये रमजानच्या जत्रेत अशा चाकात बसला होता. पीटर मंडी या इंग्रजानं 1620 मध्ये आजच्या बल्गेरियातल्या प्लोवदिव गावी तसलेच पाळणे पाहून लिहून ठेवले. वाचताना मला फार आनंद झाला. आमचा कोपऱ्यातला पाळणा त्या जुन्या घराण्यातला होता. शिकागोच्या चाकाची त्याला नक्कल म्हणता येणार नाही.

तो बंद कधी झाला याची तारीख कुणाकडं असणार? एका वर्षी तो मैदानाच्या आणखी कडेला सरकला. जनरेटरवर चालणारे नवे पाळणे आले, ट्यूबलाइटच्या माळा आल्या, कर्ण्यावर गाणी आली. दोन माणसांनी घाम गाळून सोळा लेकरं फिरवायची, तेवढ्या वेळात विजेवरचा पाळणा कितीतरी जास्त माणसं फिरवणार. हिशेब कळतो मला. तो लोखंडी आडणा आठवला की आज नातीला मी त्यात बसू दिलं असतं का, याचंही उत्तर ठाऊक आहे. नसतं दिलं. तरीही माझं म्हणणं कायम आहे की इतका चांगला पाळणा मी पुन्हा पाहिला नाही. कारण मी वर जात होते तेव्हा कुणीतरी स्वतःचं अंग खाली टाकत होतं, आणि ते मला दिसत होतं. 1990 च्या गड्ड्यात आम्ही दोघं कॉलेजच्या वयाचे, सहज म्हणून कोपऱ्यात गेलो. तिथं बंदुकीनं फुगे फोडायचा ठेला होता. दादा म्हणाला, ‘पुढच्या वर्षी येईल बघ.’ आला नाही. नंतर मिलही बंद पडली, चिमण्यांचा धूर थांबला, आणि 2021 मध्ये तर कोरोनानं गड्डाच भरू दिला नाही.

यंदा आकाशपाळण्यातून उतरल्यावर मी तिथूनच दादाला फोन लावला. तो पुण्यात असतो. मागं पिपाण्यांचा एवढा कालवा की त्याला पहिल्यांदा काही ऐकूच येईना.

‘होम मैदानावर हाय,’ मी ओरडून सांगितलं. ‘आपल्या पाळण्याची जागा शोधतेय. चार पेट्या होत्या ना रे?’

‘सहा.’

‘चारच होत्या. सहा असत्या तर एवढ्या मोठ्या पेट्या बसल्या असत्या का?’

‘बरं, चार,’ तो म्हणाला. जरा वेळ गप्प राहिला. ‘अण्णांनी तेल घातलेलं आठवतंय?’

‘आठवतंय की.’

‘मला नेलं नव्हतं त्या दिवशी. शाळा होती माझी. तू एकटीच बसलीस. मग समोर कोण होतं गं तुझ्या?’

‘वाळूचं पोतं,’ मी म्हटलं.