‘रामाभ्याम्’ला अडकणारं नेट

संध्याकाळी सहा ते आठ मी मुलांना ऑनलाइन संस्कृत शिकवते. ‘रामेण’ म्हणून ‘रामाभ्याम्’कडे वळले की पडद्यावर माझं तोंड उघडंच्या उघडं राहायचं. मी परत येईपर्यंत मुलांची षष्ठी सुरू झालेली असायची. एकाने एकदा फार सहानुभूतीने सांगितलं, "ताई, तुम्ही परत तृतीयेच्या द्विवचनात अडकलात."

घर घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या जरा अलीकडे, चौदाव्या मजल्यावर. प्लॅन २०० एमबीपीएसचा. राउटर मात्र हॉलमध्ये दाराशेजारी, कारण जोडणीला आलेल्या मुलाला ती जागा सोयीची वाटली आणि आम्ही माना डोलावल्या. मी शिकवते ती खोली घराच्या पार दुसऱ्या टोकाला. मध्ये दोन भिंती, आणि त्या विटांच्या नाहीत. आमचा टॉवर मायवान पद्धतीचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात स्लॅब आणि भिंती एकदमच ओतलेल्या. सगळ्या भिंती काँक्रीटच्या, आत सळ्यांची जाळी. नौपाड्यातल्या माहेरच्या विटांच्या घरात राउटर कुठेही ठेवा, गच्चीवरसुद्धा नेट मिळतं. वाय-फाय दोन पट्ट्यांवर येतं, ५ गिगाहर्ट्झच्या आणि २.४ च्या. इथे ५ चा सिग्नल पॅसेजमध्येच मान टाकतो. २.४ चा पोचतो, पण त्या पट्ट्यात आख्खी इमारत बसलेली. फोनवर मोजली तर वाय-फायची ३१ नावं निघाली, त्यात ‘बाप्पा मोरया’ तिघांचं. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. भरीस भर म्हणजे मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो. सासूबाईंनी सहाच्या चहाबरोबर काही गरम करायला ठेवलं की माझा वर्ग गेलाच म्हणून समजा.

आधी मी एक्स्टेंडर आणला, म्हणजे वाय-फायचा सिग्नल झेलून पुढे पाठवणारा डबा. फोनवर काड्या पूर्ण दिसायला लागल्या, वर्ग पूर्वीपेक्षा जास्त अडकायला लागला. वाय-फाय म्हणजे चाळीतला एकच नळ, एका वेळी एकाचीच कळशी. माझा स्वस्तातला एक्स्टेंडर ती कळशी भरून घ्यायचा आणि पुन्हा त्याच रांगेत उभा राहून माझ्याकडे ओतायचा. वेग निम्म्यावर. आता तो माळ्यावर आहे, दिवाळीच्या कंदिलाशेजारी.

धाकटा भाऊ डोंबिवलीला असतो, ऑफिसातलं नेटवर्क सांभाळतो. तो म्हणाला, "ताई, स्पीड नको बघूस, पिंग बघ, म्हणजे हाक मारल्यावर ओ यायला किती वेळ लागतो ते. आणि बाहेरचं नको, आपल्याच राउटरला पिंग कर." केलं. ४ मिलिसेकंद, ६, ५, मग एकदम २८०, मग उत्तरच नाही. म्हणजे गडबड घरातल्या घरात होती, आणि महिनाभर मी भांडत होते कंपनीच्या कस्टमर केअरशी. (त्या मुलींनी दर वेळी राउटर बंद-चालू करायला सांगितलं, त्याबद्दल माझा राग अजून गेलेला नाही, पण तो वेगळा विषय.)

"तू ज्या टेबलावर बसतेस ते हलतं का?" भावाने विचारलं. नाही. "मग त्याला वायर दे. टीव्हीलाही दे. हवेवर फोन राहू देत."

टीव्हीचं तर हसूच आलं. राउटरपासून चार फुटांवर टीव्ही, आणि सासूबाईंच्या मालिका इतके दिवस हवेतून येत होत्या! दोन मीटरची तयार कॉर्ड लावली, काम दोन मिनिटांत झालं. टीव्हीचं लॅन पोर्ट, म्हणजे वायर लावायचं भोक, १०० एमबीपीएसचंच निघालं, पण फोर-के सिनेमालाही साधारण २५ पुरतात.

माझ्या खोलीसाठी अठरा मीटर केबल लागणार होती. ती आणायला ठाणे स्टेशनकडे, गोखले रोडजवळच्या एका गल्लीत गेले. या केबलच्या प्रतींना कॅट-५ई, कॅट-६ अशी नावं असतात. दुकानदाराने आधी कॅट-८ काढली. जाडजूड, वर जाळीचं आवरण. "मॅडम, एकदाच काय ते घ्या." मी जवळजवळ घेतलीच होती, पण भावाला फोन लावला. त्याचं म्हणणं, ती डेटा सेंटरमध्ये ३० मीटरच्या आतल्या जोडण्यांसाठी. तुझ्या कामाला १ गिगाबिटच्या, म्हणजे १००० एमबीपीएसच्या, वरचं लागतच नाही, आणि तेवढ्याला कॅट-५ईसुद्धा १०० मीटरपर्यंत पुरते. कॅट-६ आणि कॅट-५ईच्या भावात फार फरक नव्हता, म्हणून कॅट-६ घ्यायचं ठरलं. ५५ मीटरपर्यंत ती १० गिगाबिट नेते, पुढे कधी लागलं तर असावी.

"आणि तार खरवडून बघ," तो म्हणाला. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. कॅट-६ छापलेली स्वस्त केबल पुष्कळदा आतून अ‍ॅल्युमिनियमची असते, वर तांब्याचा नुसता मुलामा. तिचा रोध जास्त, आणि तार वाकवताना तुटते. दुकानदाराने कुरकुरत टोक सोललं, मी ब्लेडने तार घासली. पांढरी चकाकी! दुसऱ्या बॉक्समधली घासली, ती आतपर्यंत तांबूस. तीच वीस मीटर कापून घेतली.

आता ओढायची कुठून? मायवानच्या भिंतीला झिरी पाडायला सोसायटीची सक्त मनाई आहे, आणि ते बरोबरच आहे, त्या भिंतींवरच इमारत उभी. इलेक्ट्रिशियन दादा म्हणाले, "ताई, लाइटच्या पाइपातून टाकतो की." त्याला मी ठाम नकार दिला. २३० व्होल्टच्या तारांशेजारी डेटाची केबल नको, धोकाही आणि गोंधळही. मग बेडरूमच्या भिंतीवर एक रिकामा टेलिफोनचा पॉइंट आठवला. बिल्डरने पाइप घालून ठेवला होता, आत बारीक टेलिफोनची वायर. तिलाच नवी केबल बांधली आणि दादा हॉलमधून ओढू लागले. वळणावर अडकली. सासूबाईंनी आपली टाल्कम पावडर पुढे केली, केबलला चोळली, आणि सुळ्ळकन आली. केबलबरोबर एक नायलॉनचा दोराही ओढून घेतला, पुढच्या वेळेसाठी. तेवढं दादांना स्वतःहून सुचलं.

दोन्ही टोकांना भिंतीत बॉक्स बसवले. आठ तारांचा क्रम असतो: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्हीकडे तोच. मला तो दोन दिवसांत देव शब्दासारखा पाठ झाला. दोन-दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, त्या जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचाहून जास्त उलगडायचा नाही, कारण शेजारच्या जोडीचा त्रास थोपवतो तो पीळच.

लॅपटॉपला लॅनचं भोक नाही, त्यासाठी यूएसबीचा अ‍ॅडॉप्टर आणावा लागला. लावला. पिंग १ मिलिसेकंद, एकसारखं. मी पेढे आणायच्या बेतात. मग वेग मोजला: ९४.

पुन्हा मोजला. ९४. दोनशेचे पैसे भरून ९४. कस्टमर केअरचा नंबर फिरवणार तेवढ्यात भावाचा मेसेज आला: "९४ बरोब्बर? मग कंपनीचा दोष नाही. तुझ्या केबलमधली एखादी जोडी लागलेली नाही." १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. एक जोडी निकामी असली तर उपकरणं पुष्कळदा मुकाट्याने शंभरवर उतरतात, आणि शंभरातून वरखर्च वजा जाता हातात ९४-९५ येतात. नेट चालू दिसतं, म्हणून कोणाला संशय येत नाही. दादा दुसऱ्या दिवशी टेस्टर घेऊन आले. दिवे एकेक करून लागले, एक ते सहा, सात नाही, आठ. बेडरूमच्या बॉक्समध्ये पांढरी-तपकिरी तार खाचेत बसलीच नव्हती. ते काहीसे ओशाळले, पुन्हा दाबून बसवली, आणि आकडा १९७ वर गेला.

घरातला आणखी एक जुना राउटर मग त्या केबलच्या टोकाला, माझ्या खोलीत, अ‍ॅक्सेस पॉइंट करून लावला, म्हणजे केबलने आलेलं नेट तो तिथे वाय-फायने देतो. गंमत म्हणजे वायर ओढल्यावर घरातलं वाय-फायही सुधारलं.

त्या संध्याकाळी मायक्रोवेव्ह फिरत असताना मी ‘रामेषु’पर्यंत एका दमात गेले. आता अडकतो तो पुण्याचा एक मुलगा. परवा त्याच्या आईने तास संपल्यावर विचारलं, तुम्ही काय केलंत हो? मी म्हटलं, आधी राउटरचा फोटो पाठवा. आला. राउटर चपलांच्या लोखंडी कपाटात, दार बंद.