उकरून उरलेली रेघ

आज संध्याकाळभर चित्रकार झरीना हाश्मीच्या मुद्राचित्रांत, म्हणजे ठशांवरून कागदावर छापलेल्या चित्रांत, अडकले आहे. पुस्तकात छापलेलीच, मूळ कागद समोर नाही. तिच्या बाबतीत हा फरक मोठा आहे, कारण ती छापायची तो हातकागद फोटोत नुसता पिवळट दिसतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ‘डिव्हायडिंग लाइन’वर (२००१). भारत-पाकिस्तान सीमेची काळी, वेडीवाकडी रेघ, कागदभर. गावांची नावं नाहीत, नद्या नाहीत, माणसं तर नाहीतच. रेघ ओढल्यासारखी दिसते, पण वुडकटमध्ये, म्हणजे लाकडी ठशाच्या छपाईत, ठोकळ्याचा कोरलेला भाग कागदावर कोरा राहतो आणि हात न लावलेल्या भागालाच शाई लागते. म्हणजे ही रेघ मिळवायला तिने रेघेच्या दोन्ही अंगांचं लाकूड उकरून काढलं. दोन्हीकडचा मुलूख उकरायचा आणि सीमा तेवढी शाबूत ठेवायची! उकरताना राहून गेलेले बारीक कंगोरेही आजूबाजूला काळे उमटलेत. ते साफ केले असते तर उरला असता फक्त नकाशा.

जन्म १९३७चा, अलीगढचा. फाळणीच्या वेळी ती दहा वर्षांची. घरची माणसं पुढे कराचीला गेली. हिचा नवरा परराष्ट्र सेवेत, त्यामुळे बँकॉक, पॅरिस असा संसार हलत राहिला आणि शेवटी न्यूयॉर्क. पॅरिसमध्ये मुद्राचित्रकार हेटरच्या ‘अतेलिए १७’ या कार्यशाळेत काम शिकली, टोकियोत लाकडी ठशांचं तंत्र. पदवी मात्र गणिताची. ते बरंच झालं असं मला वाटतं. एवढं सगळं मागे सुटलेल्या बाईच्या चित्रांत एकही रेघ गळा काढत नाही.

सत्तरच्या दशकातली तिची सुईने टोचलेली चित्रं आहेत. शाई नाही, रंग नाही, पांढऱ्या कागदाला नुसती भोकं. ती छपाईत नीट दिसतच नाहीत. ती बघायला कागदावर तिरपा उजेड पडायला हवा, म्हणजे मूळ कागदासमोरच उभं राहायला हवं. २०१२च्या लॉस एंजलिसमधल्या तिच्या मोठ्या प्रदर्शनाचं नाव ‘पेपर लाइक स्किन’ होतं. कातडीसारखा कागद. या भोकांकडे बघताना ते नाव अगदी शब्दशः घ्यावंसं वाटतं.

‘लेटर्स फ्रॉम होम’ (२००४) पाहताना मात्र थोडी संकोचले. बहिणीने, राणीने, लिहिलेली पण कधी टपालात न टाकलेली पत्रं. आईवडिलांचे मृत्यू, घर विकल्याची खबर. झरीनाने ती राणीच्याच अक्षरात छापली आणि त्यांवर घराचे आराखडे, नकाशे चढवले. मला उर्दू लिपी वाचता येत नाही, आणि खरं सांगायचं तर इथे ते सोयीचं वाटलं. अक्षराची लय दिसते, मजकूर त्या दोघींपाशीच राहतो.

शेवटच्या वर्षांतला सोन्याचा वर्ख मला तितकासा भावत नाही. फार चटकन सुंदर दिसतो. सुईच्या भोकांना ती घाई नव्हती.

आणि एक गंमत. २०११ साली वेनिसच्या द्वैवार्षिकात भारताचं पहिलं अधिकृत दालन उभं राहिलं. कलासमीक्षक रणजित होस्कोटे यांनी त्यासाठी जे मोजके कलावंत निवडले, त्यांत ही होती: कित्येक दशकं न्यूयॉर्कला राहणारी, माहेर कराचीला गेलेली, सीमेची रेघ कोरणारी झरीना. देशाच्या नावाच्या दालनासाठी याहून चोख निवड मला तरी सुचत नाही.