मागे घोडबंदर झालंय

ठाण्याच्या नौपाड्यातली आमच्या शेजारची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली, तेव्हा काकूंनी माळा रिकामा केला. बिस्किटांच्या एका चपट्या डब्यात सिम्प्लिसिटी कंपनीचे सात-आठ जुने पॅटर्न, म्हणजे कपडे बेतायचे तयार कागद, निघाले. काकूंच्या नणंदेने अमेरिकेहून आणलेले, तेही तिथे कुणीतरी वापरून झालेले. "रद्दीत टाकणार होते. तू शिवतेस ना, घेऊन जा," काकू म्हणाल्या.

त्यात एक सहा कळ्यांचा स्कर्ट होता, म्हणजे आपला परकरच. पण मला चित्रांचं कापड वापरायचं होतं आणि कळ्या म्हटल्या की दर शिवणीत चित्र अर्धं कापलं जाणार. म्हणून साधा ए-लाइन, खाली पसरत जाणारा, उचलला. पाकिटावर किंमत ६५ सेंट, आतल्या सूचनापत्रावर साल १९६३, साइज १४. वाटलं, सैलच होईल. मागचा तक्ता वाचला तर कंबर २६ इंच! माझी ३१. त्या काळच्या साइजच्या आकड्याचा आजच्या दुकानातल्या आकड्याशी संबंध नाही. टेप लावायची आणि इंच बघायचे, बस.

कागद पतंगाच्या कागदाहून पातळ, घड्यांवर फाटायला आलेला. कोमट इस्त्रीने, पाणी न मारता सरळ केला, ब्राउन पेपरवर उतरवला आणि मूळ पॅटर्न परत डब्यात ठेवला. पाच इंच नुसते बाजूच्या शिवणीत वाढवले असते तर कापड कमरेला आत घेणारे टक्स भलतीकडे गेले असते. म्हणून पुढचा आणि मागचा कागद कमरेपासून घेरापर्यंत उभा कापला, मध्ये सव्वा इंचाची फट ठेवून खालून पट्टी चिकटवली. स्कर्टचे चार पाव, प्रत्येकात सव्वा. झाले पाच. या पॅटर्नमध्ये शिवणीला जेमतेम पाच सूत (इंचाचे पाच अष्टमांश) कापड धरलेलं असतं. आपले टेलर आत इंच-दीड इंच माया ठेवतात, पुढेमागे उसवून सैल करता यावं म्हणून. मी मागच्या मधल्या शिवणीत ती ठेवलीच.

कापड जांभळी नाक्यावर मिळालं. पांढऱ्या सुतीवर काळ्या-पिवळ्या रिक्षा, एकेक बोटभर. "बाळ केवढं आहे, ताई?" दुकानदाराने विचारलं. चित्रांचं कापड म्हणजे झबली, हा त्याचा हिशोब. "एकेचाळीस वर्षांचं," म्हटल्यावर त्याने एकदा ताग्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने सव्वा मीटर फाडून दिलं. पन्हा ४४ इंच.

आता खरी चूक. पाकिटावर कापडाची दोन मापं होती, 'विथ नॅप' आणि 'विदाउट नॅप'. नॅप म्हणजे मखमलीची लव, आपलं तर सुती, म्हणून मी कमी कापडाचं माप धरलं. पण ज्या कापडाला वर-खाली असतं, ते सगळं 'विथ नॅप'मध्ये येतं. कमी कापडाच्या मांडणीत पुढच्या भागाची कंबर वर, मागच्या भागाची खाली. अरुंद-रुंद एकमेकांशेजारी बसतात, कापड वाचतं. फुलाफुलांच्या छापावर हे खपून जातं.

मला हे कधी कळलं? कापड रात्रभर भिजवून, वाळवून, बेतून, टक्स घालून, सगळं कच्च्या टाक्यांनी जोडून आरशासमोर पाठ वळवली तेव्हा. पुढच्या रिक्षा व्यवस्थित, मागच्या झाडून सगळ्या चाकं वर करून.

"आई, मागे घोडबंदर झालंय," लेक म्हणाली. घोडबंदर रोडवर गाडी उलटल्याची बातमी आम्हा ठाणेकरांना नेहमीचीच.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तर तो तागा संपलेला. मग काळं पॉपलीन आणलं, मागचे दोन्ही भाग पुन्हा कापले, ७ इंची चेन लावली. रिक्षांचे काढलेले भाग टाकवेनात. पॅटर्नमध्ये खिसे नव्हतेच, ते मी बाजूच्या शिवणीत घातले. छोटे तुकडे हवे तसे फिरवता येतात, त्यामुळे खिशातल्या रिक्षा तरी सुलट्या धावतात. कंबरपट्टीला आतून कॅनव्हास घालताना मशीनने दोन सुया मोडल्या, ते असो.

काकू सध्या कळव्याला भाड्याच्या घरात आहेत. त्यांना नेऊन दाखवला. पुढून बघून हसल्या, मला फिरवून काळी बाजू पाहिली, मग चष्मा चढवून आतली शिवण उलटली.

"माया ठेवलीस ना?"